नऊ निळ्या चिठ्ठ्या

२ जानेवारी, सोमवार

ग्लेनने यंदाही डायरी दिली. शाळेच्या रेडिओची पोरं दर डिसेंबरात या डायऱ्या गावात दारोदार विकतात. पुठ्ठ्यावर ‘८८.७ – लॉर्टन हाइट्स हायस्कूल’ असं छापलेलं असतं, आणि ग्लेन स्टाउफर न चुकता एक माझ्या टेबलावर आणून ठेवतो. एकोणतीस वर्षांत एकोणतीस झाल्या असतील. त्यातल्या एकीतही मी किराणाच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं नाही. यंदा लिहायचं ठरवलंय. पुढच्या वर्षी जूनमध्ये मी निवृत्त होणार, तेव्हा इतकी वर्षं केलंस काय असं कोणी विचारलं तर दाखवायला काहीतरी हवं.

तर सुरुवात नीट करते. मी मार्लीन पेट्राश. शाळेत समुपदेशक. अकरावी-बारावीच्या पोरांनी कुठले विषय घ्यावेत, कुठल्या कॉलेजात अर्ज करावा ते मी सांगते, आणि जी रडतात त्यांना कागदी रुमाल देते. रुमालांचा खप फेब्रुवारीत सर्वांत जास्त.

माझ्या मुलाचा, ड्रूचा फोन आला होता. तिकडे अॅरिझोनात, टूसॉनला ऊन आहे म्हणे. इथे खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ.

९ जानेवारी, सोमवार

मुख्याध्यापक डॉ. हॅलोरन यांचं पत्रक आलं. पुढच्या वर्षीसाठी ज्या विषयाला अठराहून कमी नावं येतील तो विषय बंद. मुदत अठ्ठावीस फेब्रुवारी.

ग्लेन कॉफीचे दोन कप घेऊन माझ्याकडे आला. तो इंग्रजी शिकवतो आणि रेडिओचा वर्ग चालवतो. एकतीस वर्षांपूर्वी व्यायामशाळेमागच्या, कुस्तीच्या गाद्या ठेवायच्या खोलीत त्याने हे केंद्र थाटलं. दहा वॉटचं आहे, सहा मैलांपलीकडे ऐकू येत नाही.

“वाचलंस?” त्याने विचारलं.

“वाचलं. तुझी यंदा किती आहेत?”

“एकवीस.”

“मग कशाला तोंड पाडून बसलायस? घाबरायचं ते लॅटिनच्या बाईंनी.”

तो हसला. पण कॉफी अर्धी टाकून गेला.

१७ जानेवारी, मंगळवार

रेडिओचा वर्ग सातव्या तासाला असतो. एक पन्नासला ‘गावची खबर’ लागते, दहा मिनिटं. हरवलेली कुत्री, चर्चमधला भाजीचा बाजार, म्हाताऱ्या लोकांचे वाढदिवस आणि उद्याच्या शाळेच्या जेवणात काय आहे. मी दार लावून टेबलाखालचा छोटा रेडिओ सुरू करते. त्या दहा मिनिटांत माझ्याकडे कोणी रडायला आलेलं मला चालत नाही.

यंदा खबर जूनी मर्टाक वाचते. अकरावीत आहे. चालताना भिंतीला खेटून चालणारी मुलगी, पण माइकसमोर बसली की घरच्यासारखी बोलते. आज म्हणाली, “उद्याच्या जेवणात चौकोनी पिझ्झा,” आणि थांबली. मला माहीत होतं का थांबली ते. स्टुडिओतला फोन वाजला.

मिसेस टोमाशेक. वय एक्क्याण्णव, मेपल स्ट्रीटवर एकटी राहते, या शाळेत तिचं नातवंड-पतवंड कोणी नाही. पण जेवणाचा पदार्थ जाहीर झाला की तिचा फोन आलाच. जूनीने फोन माइकला लावला.

“पुन्हा पिझ्झा? या पोरांना कोबी कोणी दाखवलाय का आयुष्यात?”

“तुमचं मत स्वयंपाकघराला कळवते, मिसेस टोमाशेक.”

“मागच्या मंगळवारीही कळवलं होतंस!”

मी एकटीच बसून हसत होते.

३० जानेवारी, सोमवार

विषय निवडण्याचे दिवस सुरू झाले. प्रत्येक मुलाला पंधरा मिनिटं. पहिला नंबर जूनीचा.

तिने फॉर्मवर पुन्हा रेडिओ लिहिलं होतं. मी नेहमीसारखा हिशेब मांडून दाखवला. हा हिशेब पालकांना कधी कळत नाही, पण मी तो झोपेतही सांगू शकते. साध्या विषयात ‘ए’ मिळाला तर चार गुण धरतात. कॉलेजच्या तोडीचे जे विषय, ज्यांना आम्ही वजनाचे विषय म्हणतो, त्यात ‘ए’ला पाच. जूनीची सरासरी चार पूर्णांक सहा. म्हणजे रेडिओत तिने कितीही उत्तम केलं तरी तिला मिळणार चार, आणि सरासरी खालीच येणार. वर्गात तिचा नंबर अकरावा. पहिल्या दहांत आली तर राज्याच्या विद्यापीठाचं दार उघडतं.

“म्हणजे चांगलं केलं तरी नुकसानच?” तिने विचारलं.

“चुकीच्या जागी चांगलं केलं तर, हो.”

“मग काय घेऊ?”

“संख्याशास्त्र. सातव्याच तासाला आहे, वजनाचं आहे.”

ती फॉर्मकडे बघत राहिली. “पण मिसेस पेट्राश, मला रेडिओ आवडतो.”

“आवडू दे की. रेडिओ काय, कॉलेजातही असतो.”

तिने मान डोलावली. मी विषयबदलाची निळी चिठ्ठी भरली, सही केली आणि तिच्या हातात दिली. हुशार मुलगी आहे, एकदा सांगितलं की कळतं. अशा मुलांसाठीच मी या खुर्चीवर बसते.

६ फेब्रुवारी, सोमवार

दोन दिवस बर्फामुळे शाळा बंद होती, त्यामुळे आज मुलांची रांग लागली. चार जणांना मार्गावर आणलं. एकाचे वडील स्वतः आले होते, दंतवैद्य आहेत. हिशेब ऐकून म्हणाले, “हे आम्हाला आधी कोणी का नाही सांगितलं?” माझा हात दोन्ही हातांत धरला त्यांनी. घरी येऊन मी स्वतःला आइस्क्रीमचा मोठा वाडगा भरून दिला, बाहेर उणे नऊ असताना.

१३ फेब्रुवारी, सोमवार

ग्लेन जेवणाच्या सुट्टीत आला. त्याने कागदात गुंडाळलेलं सँडविच काढलं आणि तसंच ठेवलं.

“वीस नावं आली होती. आता चौदा आहेत.”

“पोरं लहरी असतात.”

“चांगली चांगली जाताहेत, मार्लीन. जूनीसुद्धा.”

मला खरंच वाईट वाटलं. मी म्हटलं, हल्लीच्या पोरांना रेडिओ म्हणजे काय हेच माहीत नाही. सगळं त्या फोनमध्ये. त्यात फुटबॉलच्या सरांनी हिवाळ्यातही सराव लावलाय, ते पोरांचा वेळ खातात. त्यांच्याशी बोलायला हवं कोणीतरी.

“तुला तसं वाटतं?” त्याने विचारलं.

“शंभर टक्के.”

त्याने सँडविचचा कागद पुन्हा नीट गुंडाळला. म्हणाला, आज भूकच नाही. हल्ली तो खात नाही नीट. त्याची बायको गेल्यापासून हे असंच आहे. उद्या त्याच्यासाठी कोबीचं सूप न्यायला हवं.

२६ फेब्रुवारी, रविवार

ड्रूशी बोलले. तेहतीस वर्षांचा झाला तरी रविवारचा फोन सोडत नाही, एवढं मात्र मी चांगलं वळण लावलंय. विमा कंपनीत आहे, लोकांचे दावे फोनवर ऐकून घेतो.

मी म्हटलं, “ग्लेनचा रेडिओ संकटात आहे रे. तूही होतास ना त्यात, दहावीला?”

“होतो.”

“मग तुला कंटाळा आला आणि सोडलास.”

मला वाटलं फोन कटला.

“ड्रू?”

“आहे. तुला तसं आठवतं का?”

“म्हणजे काय, चांगलं आठवतं.”

मग तो कॅक्टसबद्दल बोलायला लागला. दारात लावलाय म्हणे, दोन माणसांएवढा वाढला.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

मुदत संपली. रेडिओ: अकरा.

१० मार्च, शुक्रवार

ईस्टरआधीच्या उपवासाचा शुक्रवार म्हणून सेंट सिरिल चर्चच्या तळघरात तळलेला मासा खायला गेले. तिथे ग्लेन भेटला, पिएरोगीच्या, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्यांच्या रांगेत. शाळा मंडळाची सभा एकवीसला आहे, त्यात बंद करायच्या विषयांवर मतदान. मंडळाने ठरवलं तर अठराचा नियम एखाद्या विषयाला माफ होतो. दोन वर्षांपूर्वी सुतारकामाला झाला होता.

“तू बोलशील का सभेत?” त्याने विचारलं.

“मी? माजी विद्यार्थी बोलव ना. कोणीतरी तरुण.”

“तू बोल,” तो म्हणाला. “तू या रेडिओजवळ जवळजवळ माझ्याइतकीच वर्षं आहेस.”

मला इतकं बरं वाटलं की मी माझ्या ताटातला एक पिएरोगी त्याच्या ताटात घातला.

२१ मार्च, मंगळवार

हे सगळं आजच लिहायला हवं.

सभागृह भरलं होतं. रेडिओचा चौथा विषय. मी बोलले. तीन मिनिटं देतात, मी पाच घेतली आणि कोणी घंटा वाजवली नाही. मिसेस टोमाशेक आणि कोबीचं सांगितलं, लोक हसले. मग म्हटलं, ज्या मुलीला वर्गात तोंड उघडवत नाही ती त्या खोलीत गावाशी बोलते, हे तिला दुसरा कुठला विषय देणार आहे? म्हटलं, माझा स्वतःचा मुलगा त्या माइकसमोर बसायचा, तेव्हा मी गाडी रस्त्याच्या कडेला उभी करून ऐकायचे. म्हटलं, कोणीतरी या मुलांना सांगायला हवं होतं की सगळ्याच गोष्टी मोजायच्या नसतात. टाळ्या पडल्या. दंतवैद्यांनीही वाजवल्या.

मग मंडळावरच्या एका बाईंनी विचारलं, “पण नावं कमी का पडली? सुरुवातीला किती होती?”

डॉ. हॅलोरननी कागद उलटला. “सुरुवातीला वीस. समुपदेशनानंतर नऊ जणांनी विषय बदलला.”

समुपदेशन. त्यांनी तो शब्द सहज उच्चारला, त्यात टोमणा नव्हता. पण दंतवैद्य माझ्याकडे बघून ओळखीचं हसले. ग्लेन मांडीवरच्या टोपीकडे बघत होता. माझे कान एकदम गरम झाले. बाईंनी विचारलं, “म्हणजे मुलांनाच नको होता?” त्यावर कोणी बोललं नाही. मीसुद्धा नाही. उभं राहून दोन वाक्यं बोलायची होती, नको होता असं नाही, मी नको म्हटलं. मी पर्सचा पट्टा धरून बसून राहिले.

पाच विरुद्ध दोन. बंद.

लोक कोट चढवत होते तेव्हा सातवा विषय आला. पुढच्या वर्षीपासून विद्यार्थ्यांना वर्गातला क्रमांक देणं बंद करावं, आजूबाजूच्या सगळ्या गावांनी केलंय, मुलांवर ताण फार येतो. दोन मिनिटांत एकमताने मंजूर. मी हे तीनदा विचारून खात्री केली. क्रमांकच नसणार. पहिले दहाही नाहीत आणि अकरावा नंबरही नाही.

२२ मार्च, बुधवार

फाइल काढून चिठ्ठ्यांच्या प्रती पाहिल्या. नऊच्या नऊ माझ्या अक्षरातल्या. कारणाच्या रकान्यात प्रत्येकीवर एकच वाक्य: ‘विद्यार्थ्याच्या हितासाठी.’

२३ मार्च, गुरुवार

काल लिहिताना एक गोष्ट नजरेतून सुटली होती. चिठ्ठीवर माझ्या सहीखाली दुसरी सही असते, ज्या विषयातून मूल बाहेर पडतं त्या शिक्षकाची. ती घेतल्याशिवाय चिठ्ठी पुढे सरकत नाही. नऊही चिठ्ठ्यांवर ग्लेनची सही आहे. म्हणजे तेरा फेब्रुवारीला तो सँडविच घेऊन माझ्यासमोर बसला होता तेव्हा त्याला सगळं माहीत होतं, आणि मी त्याला फुटबॉलच्या सरांबद्दल सांगत होते.

३ एप्रिल, सोमवार

शेवटी गेले स्टुडिओत. दहा दिवस मी त्याला टाळत होते, जेवायलासुद्धा गाडीत बसत होते. तो तारा गुंडाळत होता.

“तू बोलला का नाहीस?” मी विचारलं. खरं म्हणजे मी माफी मागायला गेले होते आणि तोंडातून हे निघालं.

“काय बोलणार? पोरांच्या हिताचं होतं ना? हिशेब तुझा बरोबरच होता. मी घरी जाऊन करून पाहिला.”

“तू सही नाकारायची होतीस.”

“आणि जूनीचा नंबर घालवायचा? माझी खोली चालू राहावी म्हणून?” त्याने तार खुंटीला अडकवली. “मला ते जमलं नाही, मार्लीन. तू सांगितलेलं मला खोडता येईना.”

“मग सभेत मलाच का बोलायला लावलंस?”

त्याने दुसरी तार उचलली. “वाटलं, बोलता बोलता तुझ्या लक्षात येईल. आणि लक्षात आलं की तू तिथेच म्हणशील.”

लक्षात आलं होतं. म्हणाले नाही, एवढंच. हे मी त्याला सांगू शकले नाही. त्याने मला खुर्ची दिली आणि आम्ही खबर सुरू होईपर्यंत नुसते बसलो.

५ एप्रिल, बुधवार

डॉ. हॅलोरनकडे गेले. म्हटलं, नऊ जणांना पुन्हा विचारते, अठरा भरून दाखवते. ते म्हणाले, वेळापत्रक एक तारखेला पक्कं झालं, पण तू खरंच अठरा आणलीस तर मंडळासमोर पुन्हा नेतो. शुक्रवारपर्यंत.

अकरा अधिक सात. मला फक्त सात हवीत.

७ एप्रिल, शुक्रवार

सहा मिळाली, दोघांनी नाही म्हटलं. दंतवैद्यांनीसुद्धा कुरकुर करत हो म्हटलं. सातवी जूनी, आणि ती येणारच असं धरून मी तिला शेवटी बोलावलं.

“क्रमांक आता नाहीच,” मी सांगितलं. “तू पुन्हा रेडिओ घेऊ शकतेस. तुझ्यावर सगळं अडलंय.” हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं.

ती पूर्वीसारखी फॉर्मकडे बघत बसली नाही, सरळ माझ्याकडे बघत होती. “क्रमांक नसला तरी कॉलेज सरासरी बघतंच ना?”

“बघतं.”

“मग रेडिओने सरासरी खालीच येईल. तुम्ही दाखवलं होतं.”

“जूनी, तुला आवडतो ना तो?”

“आवडतो. पण मी आईला तुमचा हिशेब दाखवला. तिने तो फ्रिजवर लावलाय. आणि मी संख्याशास्त्राचं उन्हाळ्याचं पुस्तक पण घेतलं.” मग मला समजावत असल्यासारखी म्हणाली, “रेडिओ काय, कॉलेजातही असतो, मिसेस पेट्राश.”

मी कागदी रुमालांचा डबा माझ्याकडे ओढला. ती घाबरली बिचारी. तिला वाटलं तिचंच काहीतरी चुकलं.

सतरा.

२ जून, शुक्रवार

आज ८८.७ चा शेवटचा दिवस.

त्या खोलीची एक रीत आहे. ज्याने दोन वर्षं पूर्ण केली तो शेवटच्या दिवशी माइकमध्ये आपलं नाव आणि साल सांगतो, बाकी काही नाही. ग्लेनने ती सगळी ध्वनिमुद्रणं जपली आहेत. आज ‘गावची खबर’च्या जागी त्याने ती ओळीने लावली, एकतीस वर्षांची. मी दार लावून रेडिओ मांडीवर घेतला. कोवळे आवाज, फुटलेले आवाज, एक जण नाव सांगतानाच हसत सुटलेला. त्यातल्या कितींना मी कॉलेजात पाठवलं! सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, मी बोटांवर मोजत होते. दोन हजार दोन आलं. ते ड्रूचं साल. पाच नावं होती. ड्रू पेट्राश नव्हतं. मग दोन हजार तीन सुरू झालं.

कसं असेल? त्याने एकच वर्ष केलं होतं. हे मला माहीत होतं, तरी मी वाट पाहत होते.

शेवटी जूनीने स्वतःचं नाव सांगितलं नाही. तिची दोन वर्षं झाली नाहीत. ती फक्त म्हणाली, “उद्या जेवण नाही,” आणि बंद केलं. मिसेस टोमाशेकचा फोन आला की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

४ जून, रविवार

ड्रूला मीच फोन केला.

“तू रेडिओ का सोडलास?”

“आई, आता हे कशाला?”

“सांग मला.”

त्याने श्वास घेतला. “मी नाही सोडला. तू चिठ्ठी घरी घेऊन आली होतीस, भरून. जेवणाच्या टेबलावर माझी सही घेतलीस. मीटलोफ होता त्या दिवशी. रेडिओच्या जागी रसायनशास्त्र.”

“तू काही बोलला नाहीस.”

“बोललो होतो. तू म्हणालीस, रेडिओ काय, कॉलेजातही असतो.”

मी पलंगाच्या कडेवर बसले. “मग कॉलेजातल्या रेडिओत का नाही गेलास?”

“गेलो होतो की. तिथे शंभर पोरं रांगेत होती, सगळी शाळेत शिकून आलेली. दोन आठवडे तारा उचलल्या आणि परत फिरलो.” मग हसून म्हणाला, “एवढं मनाला लावून घेऊ नकोस. माझं बरं चाललंय. फोनवर लोक म्हणतात, तुमचा आवाज छान आहे. घर जळालेलं असतं बिचाऱ्यांचं, आणि तरी म्हणतात.”

मी त्याला म्हटलं, माझं चुकलं. तो म्हणाला, “बरं.” ‘नाही, तुझं नाही चुकलं’ असं काही तो म्हणाला नाही.

सतरा वर्षं मी लोकांना सांगत आले की त्याला कंटाळा आला होता. खोटं बोलत नव्हते. मला खरोखर तसंच आठवत होतं, हे सगळ्यात वाईट.

१५ जून, गुरुवार

ग्लेन बहिणीकडे इरीला राहायला गेला. त्याने निवृत्तीचा अर्ज एप्रिलमध्येच दिला होता. ट्रक भरताना मी सूप घेऊन गेले. त्याने डबा घेतला, चव पाहिली आणि म्हणाला, मीठ कमी आहे. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला.

पुढच्या वर्षीची डायरी मिळणार नाही. हिचीच पानं पुरवून लिहायला हवीत.

२३ ऑगस्ट, बुधवार

सोमवारी शाळा सुरू झाली. स्टुडिओत पुन्हा कुस्तीच्या गाद्या आल्या. तिथल्या फोनचा नंबर कोणालाच नको होता म्हणून कार्यालयाने तो माझ्या टेबलावर वळवला.

आज एक पन्नासला वाजला.

“कोण बोलतंय?”

“मार्लीन पेट्राश, समुपदेशन विभाग.”

“मला विभाग नकोय. तीन दिवस नुसती खरखर ऐकतेय. माझा रेडिओ बिघडलाय की तुमचा?”

“आमचा, मिसेस टोमाशेक. बंद झाला तो.”

“बंद? मग उद्या जेवायला काय आहे ते मला कोण सांगणार?”

तक्ता भिंतीवरच होता. मी वाचला. चिकनचे तुकडे, उकडलेलं गाजर, सफरचंदाचा गर, दूध.

“अगं, एवढ्या भराभर नाही! ती मुलगी कशी एकेक पदार्थ सांगून थांबायची. नावं ठेवायला वेळ नको का मला?”

मी पुन्हा वाचलं, थांबत थांबत. चिकनला ती काही म्हणाली नाही. गाजरावर चांगली दोन मिनिटं घसरली.

“आणि वाढदिवस?”

“यादी नाहीये माझ्याकडे. कोणाचा आहे?”

“माझा. शुक्रवारी. ब्याण्णव. पण त्या मुलीलाच वाचू दे, तिचा आवाज मला स्वच्छ ऐकू येतो. कुठे असते ती?”

माझं दार उघडं होतं. समोरच्या वर्गात जूनी दुसऱ्या रांगेत बसली होती, भिंतीकडेला, फळ्यावरचं उतरवून घेत.

“इथेच आहे. समोर, संख्याशास्त्राच्या वर्गात.”

“तिला कोणी घातलं तिकडे?”

“मी,” म्हटलं. “मीच घातलं.”

पलीकडे तिच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं.

“बरं,” मिसेस टोमाशेक म्हणाली. “मग शुक्रवारी तूच वाच. सावकाश वाच पण.” आणि तिने फोन ठेवला.

पंचवीस तारखेच्या पानावर तिचं नाव आणि वय लिहून ठेवलंय. मग दार लावून दोनदा मोठ्याने वाचून पाहिलं. दोन्ही वेळा घाई झाली.